चार-दहाची गाडी

मास्तरांचं वागणं आता हाताबाहेर गेलं होतं, आणि हे सांगायला दातांचा डॉक्टर रविवारी सकाळीच जिजींच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

“जिजी, तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत.”

“माझं ऐकतात असं तुला कुणी सांगितलं?” जिजींनी त्याच्यापुढे चहाचा कप आदळला. “पन्नास वर्षं झाली लग्नाला, अजून ओला टॉवेल पलंगावरच पडतो. काय केलं त्यांनी?”

“गाडी सोडत नाहीत.”

जिजींनी कपाळाला हात लावला. गाडी म्हणजे ती बोटाएवढी. शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत पिकल्या केसांची आठ माणसं दर शनिवारी जमायची आणि छोट्या रुळांवर छोट्या गाड्या पळवायची. मंडळ म्हणायचे त्याला. जिजी म्हणायच्या पाळणाघर. मास्तर तिथे गेले की घर तेवढं झाडून निघतं, एवढाच काय तो त्या मंडळाचा फायदा त्यांना ठाऊक होता. चार वर्षांत त्यांनी ती माडी चढली नव्हती.

मंडळाने या खेपेला मास्तरांचंच जुनं स्टेशन उभं केलं होतं. मास्तरांनी तिथे बावीस वर्षं स्टेशनमास्तर म्हणून काढली. आता ते स्टेशन नाही, रूळसुद्धा उखडून नेले. पण मास्तरांच्या डोक्यात सगळं जिथल्या तिथे होतं. कंदिलांच्या खोलीचं दार कुठल्या बाजूला उघडायचं, पाण्याच्या टाकीच्या शिडीला पायऱ्या किती. ते सांगायचे आणि बाकीचे करायचे. डॉक्टरने कवळ्यांच्या साच्याचं प्लास्टर ओतून डोंगर केला आणि दात कोरायच्या आकडीने रुळांमधली खडी बसवली. शिंप्याने तारेवर स्पंजचे तुकडे चिकटवून झाडं केली. माणसं तेवढी मास्तरांनी स्वतः रंगवली, नखाएवढी, एका केसाच्या ब्रशने.

“आता ऐका,” डॉक्टर म्हणाला. “आम्ही स्टेशनचा एक अख्खा दिवस चालवतो. घड्याळ पळवलेलं असतं, दहा सेकंदांना एक मिनिट. शिंपी रुळांचे सांधे बदलतो. मी काळ्या पडद्यामागे. लांबून येणाऱ्या गाड्या तिथेच उभ्या असतात, वेळ झाली की मी एकेक पुढे पाठवतो. आणि फलाटाचं बटन मास्तरांकडे. त्यांनी दाबल्याशिवाय गाडी सुटत नाही. सकाळपासून सगळं तेल घातल्यासारखं चालतं. मग लागते चार-दहाची पॅसेंजर. की बसले मास्तर हात बांधून! मागे मालगाडी, तिच्या मागे डाकगाडी. पडद्यामागे माझ्या मांडीवर गाड्या साठतात, जिजी! विचारलं तर म्हणतात, ‘थांब, एक माणूस यायचंय.’”

ओटा पुसता पुसता जिजींचा हात थांबला.

“कुठली म्हणालास?”

“चार-दहाची.”

जिजींनी पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घेतला.

“आज शाळेच्या सभागृहात प्रदर्शन आहे,” डॉक्टर चाचरत म्हणाला. “बाहेरगावची मंडळं येणार. आज पुन्हा तसं झालं तर आम्ही मास्तरांना पडद्यामागे बसवणार आणि बटन शिंप्याकडे देणार. सगळ्यांनी मिळून ठरवलंय. मला सांगायला जड जातंय, पण…”

“त्यांच्याच स्टेशनावर त्यांना पडद्यामागे?”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

“चहा पी. गार होतोय,” जिजी म्हणाल्या. “मी येते दुपारी.”

डॉक्टर गेला आणि जिजी तशाच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. चार-दहा. ती वेळ त्यांना कुणी सांगायला नको होती.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांची धाकटी चार-दहाच्या गाडीने गेली होती. लांबच्या शहरातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली म्हणून. थोरला मुलगा आधीच बाहेर पडलेला, घरात ही एकटीच उरलेली, आणि जिजींनी तिला सरळ सुनावलं होतं, “गेलीस तर हे दार तुला बंद.” पोरगी आईवरच गेलेली. बॅग उचलली आणि निघाली. जिजी दाराकडे पाठ करून मटार सोलत बसल्या. एक दाणा इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

मग स्टेशनची घंटा झाली. आणि जिजी उठल्या, जशा होत्या तशा. क्वार्टर रुळांच्या अलीकडे, फलाट पलीकडे, मध्ये पूल. खुंटीवरची हिरवी शाल अंगावर ओढून त्या पळत सुटल्या. पुलाच्या उतरत्या जिन्यावर एका पायातली लाल चप्पल निसटली. वळून घ्यायला वेळ कुठला? शेवटून तिसऱ्या पायरीवर होत्या तेव्हा गाडी हलली. शेवटच्या डब्याची पाठ तेवढी दिसली.

त्या तशाच मागे फिरल्या. जिन्यावरच्या चपलेकडे लक्षही गेलं नाही. संध्याकाळी मास्तर जेवायला आले तेव्हा मटार शिजलेले होते आणि जिजींचं तोंड शिवलेलं होतं. मास्तरांनी कोपऱ्यातल्या एकट्या चपलेकडे पाहिलं. जिजी म्हणाल्या, “दुसरी कुत्र्याने नेली.” मास्तरांनी दुसऱ्या दिवशी नवा जोड आणला. त्या दिवसापासून गेटमनच्या कुत्र्याने जिजींच्या शिव्या खाल्ल्या, मरेपर्यंत, बिचाऱ्याने.

धाकटी परत आली नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा, वडिलांना. तिला वाटायचं आईने बोलवावं. आईला वाटायचं तिने विचारावं. फोन चालू असला की जिजी मोरीत भांडी घासायला बसायच्या. नळ मात्र बंद ठेवायच्या. पाण्याच्या आवाजात पलीकडचं काही ऐकू येत नाही. कोरडीच भांडी घासायच्या, आणि फोन संपला की नळ सोडायच्या. पोरीचा आवाज आता जाड झाला होता, बाईमाणसासारखा. हसायची मात्र अजून तशीच, आधी नाकातून.

आज पहिलाच रविवार होता.

सभागृहात माणसांची ही गर्दी. जिजी कोपराने वाट काढत पुढे गेल्या आणि टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. पाळणाघर कसलं! त्यांच्या क्वार्टरच्या मागचा कपडे वाळत घालायचा दांडा होता. टाकीची गळकी बाजू हिरवी पडलेली होती. खिडकीत त्यांनी कधीकाळी लावलेलं रोपसुद्धा होतं. त्यांना वाटलं, आत डोकावलं तर पोरीचा अभ्यासाचा स्टूल दिसेल.

टेबलापलीकडे मास्तर बसले होते. जुना कोट इस्त्री करून घातलेला, बोट बटनाजवळ. बायकोला पाहून ते दचकले. भिंतीवरचं घड्याळ पळत होतं. चारला पाच कमी. चार. पडद्यामागून इवलीशी पॅसेंजर आली आणि फलाटाला लागली.

चार-दहा झाले. मास्तरांचं बोट हललं नाही.

चार-बारा. चार-चौदा. “मास्तर!” पडद्यामागून डॉक्टरचा दबका आवाज आला. बाहेरगावची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. शिंपी उठून मास्तरांच्या बाजूला सरकला.

जिजी मास्तरांची नजर कुठे लागली आहे ते पाहत होत्या. नजर पुलावर होती. त्यांनी शिंप्याच्या गळ्यातलं भिंग दोरीसकट ओढलं, तसा शिंपीही वाकला. पुलाच्या जिन्यावर, शेवटून तिसऱ्या पायरीवर, एक बाई होती. अंगावर हिरवी शाल. एक पाय लाल, एक पाय अनवाणी. चार पायऱ्या वर एक लाल ठिपका पडलेला.

जिजींनी भिंग सोडलं.

“ही मी का?”

“हं.”

“म्हणजे तुम्ही मला पाहिलं होतंत.”

“पाहिलं होतं.” मास्तर बटनाकडे बघत म्हणाले. “चप्पलही मीच उचलली. तुला दिली असती तर पाहिलं हे सांगावं लागलं असतं.”

“आणि तरी झेंडी दाखवलीत?”

मास्तरांनी घसा साफ केला. शिंपी भिंगाची दोरी सोडवायची विसरून तसाच वाकून उभा होता.

“मला वाटलं, तू तिला ओढून खाली उतरवायला आलीस. तुझा तो अवतार… म्हटलं, हिच्या हाताला लागली की पोरीचं जाणं संपलं. म्हणून दाखवली.” ते थांबले. “चार-नऊला दाखवली. वहीत चार-दहा लिहिलं. नोकरीत तेवढी एकच खोटी नोंद.”

चार-नऊ. सव्वीस वर्षं जिजी मनातल्या मनात ते मटार मोजत होत्या. आणखी दहा शेंगा कमी सोलल्या असत्या तर. घंटेआधीच उठले असते तर. पोरीने खिडकीतून मान वळवली असती, नाकातून हसली असती. आणि उशीर झालाच नव्हता. तीन पायऱ्या आणि एक मिनिट.

“ओढायला?” त्यांचा आवाज फुटला. “मास्तर, शालीखाली डबा होता. सकाळीच भरून ठेवलेला, गाडीत खायला. ओढून आणायला कुणी डबा घेऊन जातं का?”

मास्तरांनी मान वर केली. असा चेहरा जिजींनी त्यांचा कधी पाहिला नव्हता, रुळावरून उतरल्यासारखा.

“डबा मला दिसला नाही,” ते म्हणाले. “मग वाटायला लागलं, आपण चुकलो असू. तुला कसं विचारणार? म्हणून इथे थांबवतो. जरा वेळ दिला तर…”

“अहो मास्तर, चार-वीस!” पडद्यामागून डॉक्टर कळवळला.

“तू गप रे, दातकोऱ्या!” जिजी म्हणाल्या. लोक हसले. जिजी हसल्या नाहीत. त्यांनी पदर नीट केला, कंबरेवर हात ठेवला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात मास्तरांना म्हणाल्या,

“माझं एक मिनिट तुम्ही घेतलंत, ते तुम्ही इथे वर्षभर गाडी अडवलीत तरी परत येणार नाही. ही बाई डिंकाने चिकटवलेली आहे. हिला त्या तीन पायऱ्या उतरता यायच्या नाहीत. मला येतात. दाबा ते बटन, लोकं खोळंबलीत. आज सातला फोन वाजला की तुम्ही भांडी घासायला बसायचं, तिच्याशी मी बोलणार. आणि घरी निघण्याआधी ब्रश घ्या आणि त्या बाईच्या हातात डबा द्या. रिकाम्या हातांनी धावत सुटणारी मी नव्हे.”