रहालमामाची पत्र्याची चकती

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची चकती आहे. खरं सांगायचं तर दोन चकत्या आहे, पण मधला खिळा एकच असल्यामुळे आम्ही स्वतःला एकच धरतो. खालची चकती टोमॅटोच्या डब्याचं झाकण, वरची जरा लहान, बूटपॉलिशच्या डबीचं. त्यामुळे मला चाटावं की सोडून द्यावं, हे आमच्या साफीतल्या, म्हणजे मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या गावातल्या, मांजरांना आजवर ठरवता आलेलं नाही.

माझा जन्म पावाच्या भट्टीवर झाला. भट्टी रहालमामाची. तो खरं तर गल्लीतल्या छोट्या इतिमादचा मामा. पण ती दिवसभर 'मामा, मामा' करायची, तेव्हा मलाही सवय लागली. आमच्या गल्लीत बायका घरी पीठ मळतात, पाव थापतात आणि फळीवर मांडून भट्टीत धाडतात. पाव सगळे सारखेच गोल. म्हणून प्रत्येक घर आपल्या पावावर काट्याने खूण टोचतं आणि ताटावरही तीच खडूने काढतं. मामाने फक्त खुणा ओळखायच्या.

एकदा त्याने चुकीची ओळखली. इतिमादची आई तामू, म्हणजे मामाची थोरली बहीण. तिची सासू हजहून परतली, म्हणून तिने मसाला भरलेल्या माशांचं ताट भाजायला पाठवलं. परत गेलं ते शेजाऱ्यांचं, बोकडाच्या मुंडीचं. सासूबाईंनी झाकण उचललं आणि मुंडीने त्यांच्याकडे पाहिलं. अशा वेळी माणसाने माफी मागावी. मामा म्हणाला, "ताई, दोघींची ओळख तरी झाली!"

त्या दिवसापासून तामूने भावाशी बोलणं टाकलं. पण गल्लीत भट्टी एकच, त्यामुळे न बोलता पाव मात्र रोज त्याच्याकडेच. इतिमादलाही तिने बजावलं, "मामाशी एक शब्द बोलायचा नाही." लिहायचा नाही, असं काही ती म्हणाली नव्हती. आणि पावावर लिहू नकोस, असं तर जगातली कोणतीच आई म्हणत नाही.

म्हणून मामाने मला घडवलं. माझ्या दोन्ही कडांवर त्याने खिळ्याने सगळी अक्षरं कोरली, शाळेत शिकवतात त्या क्रमाने: अलिफ, बा, ता... वरची चकती एक घर सरकवली की प्रत्येक अक्षरासमोर त्याच्या पुढचं अक्षर येतं. इतिमाद लिहिताना पुढचं अक्षर टोचायची, मामा वाचताना एक घर मागे यायचा. संपली युक्ती. तुमच्या भाषेत 'घर' लिहायचं असेल, तर घ च्या जागी ङ आणि र च्या जागी ल. झालं 'ङल'. बिचाऱ्या ङ ला आयुष्यात पहिल्यांदाच काम मिळालं, हा वरचा फायदा.

पाव फुगला की बारीक टोचलेली अक्षरं बुजतात, म्हणून मामा भट्टीत घालण्याआधीच वाचायचा. पहिला निरोप आला 'भूक'. पाव पाठवणाऱ्या घरातून भट्टीवाल्याला! मामा हसून हसून पिठात बसला. कधी 'गातेय' यायचं, म्हणजे पीठ मळताना आई गुणगुणतेय, आज बरी आहे. मामा फळीच्या खालच्या बाजूला कोळशाने उत्तर लिहायचा आणि मला फडक्याने पुसून खिळ्याला टांगायचा. "माझी विद्वान गं ती," म्हणायचा. मित्रांनो, बूटपॉलिशच्या झाकणाला आणखी काय हवं?

पण मग आगादीरच्या एका हॉटेलातून त्याला बोलावणं आलं. "जातो," मामा भट्टीला म्हणाला. "इथे थांब म्हणणारं आहे कोण?" शुक्रवारच्या नमाजानंतरची बस ठरली. मी बॅगेत, मोज्यांच्या खाली.

शुक्रवारी सकाळी शेवटचा घाणा भट्टीत गेला आणि इतिमाद फळी घेऊन आली. डोळे सुजलेले. मामाने फडकं उचललं.

"इतू, हे काय? बा, दाल, काफ?"

"मी नाही टोचलं. मी रुसले होते. फळी आईनेच भरली."

बोलायचं नाही, हे दोघंही विसरले. मामाने मला मोज्यांखालून ओढून काढलं. एक घर मागे. काही अर्थ नाही. दोन घरं, तीन घरं, अख्खा फेरा झाला. नुसती कचकच.

"शिवी असणार," मामा म्हणाला.

"आई शिवी देताना कोडं नाही घालत, मामा. सरळ देते."

"मग डिवचलंय. 'तुमची चाल मला कळली' म्हणून." त्याने बॅगेची चेन ओढली. आवाज भट्टीपेक्षा मोठा वाटला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर 'भूक' आणि 'गातेय' वाचलं, आणि एकाच शब्दाची खरी गरज होती, तिथे माझी दातखीळ बसली.

"मग ही मला राहू दे," इतिमाद मला छातीशी धरून पिठाच्या पोत्यावर बसली आणि रडत माझी अक्षरं मोजू लागली. "अलिफ, बा, ता..." एकदम थांबली. "मामा, आई असं म्हणत नाही."

"कसं?"

"पीठ मळताना गुणगुणते ना, त्यात बा नंतर ता येत नाही. अलिफ, बा, जीम, दाल..."

मामाचा हात चेनवरच राहिला. "तो तर जुना क्रम. मशिदीच्या शाळेतला. बाबा आम्हाला बसवायचे. ताई बसायची, मी धक्क्यावर मासे बघायला पळायचो."

आणि तो, जन्मात पाठ न केलेली ती रांग, इतिमादच्या तोंडून ऐकू लागला. त्या रांगेत बा च्या आधी अलिफ. दालच्या आधी जीम. काफच्या आधी 'या' हे अक्षर.

अजी. आमच्या बोलीत म्हणजे, ये.

मामा भट्टीचं लांब फावडं हातात घेऊनच धावला. मागे इतिमाद, तिच्या मुठीत मी. भट्टीत राहिलेले पाव जळून कोळसा झाले. त्या दिवशी गल्लीत कुणाचा पाव कुणाचा यावरून भांडण झालं नाही, कारण खुणाच उरल्या नव्हत्या.

तामू दारातच उभी होती. "तीन अक्षरं वाचायला एवढा वेळ? शुक्रवारची कुसकुस ताटात गार झाली."

"ताई, तुझी रांग बाबांची, माझी शाळेची."

"आणि फावडं घेऊन जेवायला यायचं, हे कोणत्या शाळेत शिकवलं?"

मामा फावडं दाराशी टेकवून ताटावर बसला. तिने भोपळ्याची मोठी फोड त्याच्या बाजूला सरकवली. आगादीरची बस वेळेवर सुटली. साफीतून वेळेवर सुटलेली ती पहिलीच बस, असं मामा अजून सांगतो.

पुढे त्याने माझ्या पाठीवर तामूची रांगही कोरली. आता इतिमाद मोठी झालीये, निरोप फोनवर धाडते आणि माझ्यावर चहाचे पेले ठेवते. खिळा गंजलाय. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी पेल्याखाली दबलं असेल, तर त्याला तेलाचा एक थेंब द्या आणि एकदा फिरवून बघा. आणि आपल्या माणसाचं बोलणं नुसती कचकच वाटलं, तर लगेच बॅगेची चेन ओढू नका. त्याने अक्षरं कोणत्या रांगेत शिकली ते आधी विचारा, मग सावकाश एक घर मागे या.

एवढं करून कुणी 'ङल' टोचलेला पाव धाडलाच, तर कुठे जायचं ते तुम्हाला माहीत आहे.