नाव नसलेला पाहुणा

बातमाकानचे सासरे घाटाच्या पायथ्याशी राहायचे. बर्फात अडकलेला कुणीही त्यांचं दार ढकलून आत यायचा, आणि त्याचं पोट भरेपर्यंत त्याला कुणी नाव विचारत नसे. सासरे गेले, मग नवराही गेला. तेव्हा तिने किर्गिझस्तानातल्या नारिन शहरातल्या आपल्या घराच्या दोन खोल्या बेघरांसाठी उघडल्या. रशियातून हात हलवत परतलेले, दारूपायी घर गमावलेले लोक येऊ लागले.

आमच्याकडे पोर बोलायला लागलं की त्याच्याकडून सात पिढ्यांची नावं पाठ करून घेतात. मी बातमाकानची शेजारीण, शिक्षिका; शाळेत मीही पाठ करून घ्यायचे. पण ज्याचं घर सुटलं, त्याला बापाचं नाव घ्यायची लाज वाटते. म्हणून बातमाकानने सासऱ्यांचा नियम कडक केला. इथे नाव विचारायचंच नाही.

"अगं, निदान गाव तरी विचार," मी म्हणायचे.

"एजे, हजेरी शाळेत घ्या. इथे पाहुणे आहेत."

एजे म्हणजे ताई. तिच्याहून मी बरीच मोठी.

त्या हिवाळ्यात एक उंच म्हातारा आला. वाडग्यात डोकावून म्हणाला, "पोरी, या रश्श्यातून मेंढी पोहून गेली वाटतं!"

"पोहायला कुठली? काठावरून बघून गेली. गुमान खा, बाबा."

तेव्हापासून रोज तोच विनोद, आणि रोज सगळे हसायचे. बर्फ वितळायच्या आधीच त्याच्या छातीत कफ भरला आणि तो गेला. दफनाच्या वेळी मुल्लांनी विचारलं, "कुणाचा मुलगा?" कुणालाच माहीत नव्हतं. कबरीवरच्या फळीवर 'पाहुणा' एवढंच लिहिलं.

शुक्रवारी बातमाकानने कणकेचे तुकडे तेलात तळले. त्या वासाने मेलेल्या माणसाला कळतं की आपली आठवण निघाली. मग त्याचं नाव घेऊन दुवा मागायची असते. तिने हात पसरले आणि ती तशीच बसून राहिली. तेल करपायला लागलं, तेव्हा मीच चूल विझवली.

वसंतात एक मुलगी आली, आयगानिश नावाची. वडिलांना गावोगाव शोधत होती. खुंटीवर राहिलेली म्हाताऱ्याची टोपी तिने हातात घेतली. टोपीची कड हिरव्या दोऱ्याने शिवलेली होती.

"हे टाके माझे आहेत," ती म्हणाली. "रश्श्यात मेंढी पोहते, असं म्हणायचे का हो?"

बातमाकानने मान डोलावली.

"त्यांचं भांडण माझ्याशी झालं होतं. मी न्यायला आले असते. तुम्ही एकदा तरी विचारायचं होतं ना, मावशी."

बातमाकान चुलीशी गेली. तिने कढई चढवली. मुलीने कणीक मळली, तळली आणि हात पसरून ती मोठ्याने म्हणाली, "तुराटबेकचा मुलगा सात्कीन." मग आजोबा, पणजोबा, सातही नावं. एकही चुकली नाही.

संध्याकाळी एक नवा माणूस आला, भिजलेला. बातमाकानने त्याला नान आणि वाडगंभर चहा दिला. त्याचं खाणं होईपर्यंत ती थांबली.

"नाव नका सांगू, भाऊ," ती म्हणाली. "पण तुमची वाट कोण बघतंय, तेवढं सांगा."

त्याने रिकामं वाडगं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आता कुणी नाही."

बातमाकानने वाडगं पुन्हा भरलं आणि त्याच्या शेजारी बसली.