हर्षदाचा बस्ता

"दुसरी दिखाव भाई, ये टोचती है," असं म्हणून उषाबाईंनी ती हिरवी साडीही बाजूला सारली.

"मासी, जरी का काम है, इतना तो लगेगा," दुकानदार हसत म्हणाला आणि बसल्या जागेवरून मागच्या फळीकडे वळला. "कोना माटे जोईए छे? दीकरी माटे?" कुणासाठी, लेकीसाठी का?

"हां."

"लगन छे?"

पुढच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून उषाबाईंनी तो चोळून पाहिला. दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या हेमराजने, त्यांच्या मुलाने, मान फिरवून गर्दीकडे तोंड केलं.

लेक आजच पहाटे गेली होती. कावीळ साधी म्हणता म्हणता पोटात शिरली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामच्या एका दवाखान्यात हर्षदाने डोळे मिटले. सकाळी जावयाचा, किरणचा, हेमराजला फोन आला. हेमराजचा नंबर त्याच्याकडे कसा, हे उषाबाईंनी विचारलं नाही. किरण एवढंच म्हणाला, की पियरची साडी यायला हवी, दुपारपर्यंत आम्ही थांबतो, त्यानंतर मोठी माणसं ऐकणार नाहीत. सवाष्ण बाई गेली की तिला शेवटचं नेसवायचं वस्त्र माहेराहून येतं. ते खानदेशात तसंच आहे आणि किरणच्या सौराष्ट्रातल्या पटेलांतही तसंच आहे. ज्या दोन घरांचं लग्नात एकमत झालं नाही, त्यांचं इथे मात्र झालं.

उधन्यात, घराजवळ, साड्यांची दुकानं काय कमी आहेत? उषाबाईंच्या स्वतःच्या खोलीत मार्केटच्या साड्यांचे गठ्ठे छताला टेकलेले असतात. साडीमागचे लोंबते धागे कापून देण्याचं काम त्या वर्षानुवर्षं करतात. पण त्या साड्या लोकांच्या. हेमराजने गाडीला किक मारली तशा त्या फक्त "चौटा" म्हणाल्या आणि मागे बसल्या. भागळला गाडी लावून दोघं चालत आत शिरले. चौटा बाजारात दुपारीही मुंगीला वाट नव्हती. बांगड्या, क्लिपा, खोट्या दागिन्यांचे स्टॉल, गाऊनचे ढीग, पाणीपुरी, ओरडणारे फेरीवाले, आणि या सगळ्यांतून वाट काढत निघालेल्या, सुट्टीत आलेल्या लेकी आणि त्यांच्या आया. उषाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या चालत राहिल्या.

हा बाजार त्यांना तळहातासारखा ठाऊक होता. गल्लीत कुणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाची कापडं घ्यायला, उषाबाईंना आधी बोलावणं. कारण उषाबाईंसारखा भाव कुणाला करता येत नसे. त्यांची रीत सोपी होती. आपला आकडा सांगायचा, दुकानदार नाही म्हणाला की वस्तू खाली ठेवायची, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मागे मात्र वळून पाहायचं नाही. पाहिलं की संपलं. दुकानदार हाक मारतोच, फक्त आपल्यात तेवढा दम पाहिजे. हर्षदाला हे कधी जमलं नाही. चौदा-पंधरा वर्षांची असताना ती आईबरोबर यायची, आईने पाठ फिरवली की तीही फिरवायची, आणि चार पावलांवर हटकून मागे वळून बघायची. मग भाव गेलाच म्हणून समजा. "तुना मुळे नुकसान व्हस," असं म्हणत उषाबाई तिला पाठीत धपाटा घालायच्या आणि ती दात काढून हसायची.

हर्षदाचा बस्ता मात्र कधी बांधला गेला नाही. हिरे घासणाऱ्या किरणबरोबर तिने परस्पर लग्न केलं आणि उषाबाईंनी पाठ फिरवली. पहिल्या वर्षी हर्षदाने तीन-चारदा निरोप पाठवले. उषाबाईंना वाटलं, अजून थोडं ताणू. पायरीवर येऊन माफी मागू दे, चार लोकांत नाक घासू दे, मग बघू. बाजारात शिकलेली अक्कल त्यांनी पोटच्या पोरीवर चालवली. नवरा, लोटू, लूम खात्यातून, यंत्रमागावरून, आला की जेवता जेवता म्हणायचा, "एक फोन करी देख ना." त्या त्याला म्हणायच्या, "माले एकच पोऱ्या शे." गल्लीत कुणी विचारलं तर भाजी निवडता निवडता सांगायच्या, ती माझ्यासाठी मेली. बोलायला काही कष्ट पडत नसत. पुढे निरोप थांबले. लोटू गेला, तेव्हाही त्यांनी तिला कळवू दिलं नाही.

"माय, कोणतीबी घे ना," हेमराज पायरीवरून म्हणाला. "उशीर हुई ऱ्हायना."

"कोणतीबी कसाले? तिले जरी टोचस. तुले याद नही का?"

हेमराजला आठवत होतं. मामाच्या लग्नात हर्षदाने जरीचं परकर-पोलकं घातलं होतं आणि दिवसभर मान खाजवून खाजवून लाल केली होती.

"रंग केवो छे बेननो?" दुकानदाराने विचारलं. "गोरी?"

"सावळी," उषाबाई म्हणाल्या आणि थबकल्या. सावळी तर खरी, पण आता अंगाने कशी असेल? भरली असेल की वाळली असेल? केस राखले असतील का? त्यांना काहीच सांगता येईना. डोळ्यासमोर येत होती ती वीस वर्षांची पोरगी, आणि तिलाही जाऊन बारा वर्षं होत आली होती.

शेवटी एक साडी हाताला लागली. पोपटी नाही, गर्द नाही, कोवळ्या पिकासारखी हिरवी. मऊ. काठाची जर आतून अस्तर लावून झाकलेली. उषाबाईंनी ती गालाला लावून पाहिली. दुकानदाराने भाव सांगितला आणि उषाबाईंच्या तोंडून, त्यांना काही कळायच्या आत, निम्मा आकडा निघून गेला.

"मासी, क्या बात करते हो. खरीद में नहीं पडता."

"तो रहने दो."

साडी खाली. पाठ वळली. हेमराज काही बोलणार तोवर त्या पायरी उतरून गर्दीत शिरल्यासुद्धा. चालत राहिल्या. मागे पाहिलं नाही. बांगड्यांच्या स्टॉलपाशी पोचतात न पोचतात तोच हाक आली, "ओ मासी! आवो, ले जावो!"

त्या परत फिरल्या. दुकानदाराने सुस्कारा टाकत साडी खोक्यात घातली. खोक्यावर सोनेरी गणपती होता आणि खाली शुभ विवाह लिहिलेलं होतं. पैसे देताना उषाबाईंच्या चेहऱ्यावर अगदी ओझरतं, जुनं समाधान येऊन गेलं. बस्त्याच्या दिवशी यायचं तसं. आयाबायांत मिरवायचं तसं.

पंचवीसेक पावलं पुढे गेल्यावर हेमराज हलकेच म्हणाला, "माय, तू भाव करा."

"मंग?"

"ह्या सामानना भाव करतस नही ना."

उषाबाई जागच्या जागी थांबल्या. मागून येणारी बाई त्यांच्या अंगावर आदळली आणि पुटपुटत पुढे गेली. मेलेल्या माणसाच्या सामानाला घासाघीस करत नाहीत. मडकं असो, बांबू असो, कापड असो, सांगेल तो भाव मुकाट द्यायचा. हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं होतं? लोटूच्या वेळी त्यांनीच हेमराजला बजावलं होतं. आणि आज हातांनी आणि जिभेने आपलं जुनं काम केलं, जणू पोरगी शेजारी उभी होती आणि तिला दाखवायचं होतं.

"मना ध्यानमाच नही ऱ्हायनं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की हेमराजला वाकावं लागलं.

"जाऊ दे माय. टाईम नही आते."

पण त्या वळल्या होत्या. सगळा बाजार समोरून येत होता आणि त्या उलट्या दिशेने खोकं छातीशी धरून चालल्या होत्या. दुकानात दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं, एक आई आणि तिची मुलगी. उषाबाईंनी कमरेची पिशवी काढली आणि उरलेले पैसे पांढऱ्या गादीवर ठेवले.

"ये लो भाई. तुमने पहले बोला था वो."

"पण मासी, आपलं तर नक्की थई गयुं ने?" दुकानदार गोंधळला. "काय डाग निकळ्यो?"

"नहीं. साडी अच्छी है."

"तो फिर?"

उषाबाईंनी तोंड उघडलं. इतकी वर्षं जे वाक्य भाजी निवडता निवडता तोंडातून जायचं ते आज निघेना. दुकानदार बघत होता. ती दुसरी आईही बघायला लागली होती. "मेरी लडकी..." त्या म्हणाल्या आणि हिंदी तिथेच संपली. मग त्या घरातल्या बोलीत म्हणाल्या, "मनी पोर मरी गयी."

दुकानदाराला शब्द कळले की नाही कोण जाणे, चेहरा कळला. तो उभा राहिला. पैसे घेतले, मोजले नाहीत. मग त्याने हात पुढे करून खोकं मागून घेतलं, साडी बाहेर काढली, गणपतीचं खोकं गादीखाली सरकवलं आणि साडी साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून दोन्ही हातांनी परत दिली. प्रत्येक गिऱ्हाइकाला निघताना म्हणायचं 'फरी आवजो', पुन्हा या, त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं. त्या आईने आपल्या मुलीला उगाचच जवळ ओढून घेतलं.

कतारगामला पोचेपर्यंत दुपार कलली होती. इमारतीच्या पार्किंगमध्ये पुरुष ताटकळत उभे होते. हेमराज त्यांच्यात जाऊन थांबला. आत जिन्यापाशी बायकांनी चादर आडवी धरून आडोसा केला होता. साडी आली, साडी आली, अशी कुजबुज झाली आणि वाट मिळाली.

हर्षदाला न्हाऊ घालून निजवलं होतं. वाळली होती. काविळीने सावळा रंगही नीट ठेवला नव्हता. उषाबाई गुडघे टेकून बसल्या आणि कागद उलगडू लागल्या.

"तमे एनां शुं थाओ?" एका म्हाताऱ्या बाईने विचारलं. तुम्ही तिच्या कोण?

उषाबाई उत्तर देणार तेवढ्यात पायथ्याशी बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "पियरमां तो कोई नथी. मम्मीनी मम्मी तो मरी गई छे. बहु पहेलां."

तिने ते सहज सांगितलं, शाळेत शिकवलेलं सांगावं तसं. बायकांनी माना हलवल्या, त्यांनाही हेच ठाऊक होतं. साडी तिच्या गावाकडचं कुणीतरी आणेल, एवढंच किरणने त्यांना सांगितलं असावं. मुलीला आजी का येत नाही याचं काहीतरी उत्तर द्यावंच लागलं असणार, आणि हर्षदाने त्यातल्या त्यात आईची अब्रू राखणारं उत्तर शोधलं होतं. रुसलेल्या आईपेक्षा मेलेली आई बरी.

चादरीच्या कडेला किरण उभा होता. रडून डोळे सुजलेले. तो घाईने म्हणाला, "गायत्री, बेटा, आ तो..."

उषाबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. मग त्या म्हाताऱ्या बाईकडे पाहून म्हणाल्या, "गाववाली. इसके गाव की."

"अच्छा, अच्छा. सारुं कर्युं, आव्यां." आलात ते बरं केलंत.

त्यांनी हर्षदाला साडी नेसवली. बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी उचलून धरलं आणि उषाबाईंनी निऱ्या घातल्या, एकेक बोट सारखी करत, कुठे चुणी राहू न देता. गायत्री सरकत सरकत जवळ आली आणि पदराचं टोक खाली लागू नये म्हणून तिने ते हातात धरलं.

"तमे मम्मीने ओळखतां हतां?" तिने विचारलं.

"हां," उषाबाई म्हणाल्या. "छोटी थी तब."

पदर कपाळावरून घेऊन झाला. बाहेरून पुरुषांची हाक आली. चादर खाली आली तशी सासू, जावा, नणंदा पुढे झाल्या आणि हर्षदाभोवती घरच्या माणसांचं कडं झालं. उषाबाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला लागून उभ्या असलेल्या शेजारणींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.