पंख्यातलं पीस

गझवानने लॅपटॉपचं खालचं झाकण उचललं आणि स्टुलावर बसलेल्या अनमारकडे चष्म्यावरून पाहिलं. बगदादच्या सिनाआ रस्त्यावर लॅपटॉप दुरुस्त करणारे ढिगाने होते. या पोराला नेमकं आपलंच दुकान कसं सापडलं? मुलीला मागणी घालायची आणि वर तिच्याच बापाकडे काम घेऊन यायचं, हा गोडवा त्याला पचत नव्हता.

चौकशीही खटकली होती. अनमारच्या गल्लीत त्याने चार घरी विचारलं, चौघांनी एकच पाढा वाचला: सोन्यासारखा मुलगा, घरी बसून इमारतींचे नकाशे करतो, कशात नसतो. इतकं चांगलं कुणी कुणाबद्दल बोलतं का? रफल गझवानची एकुलती एक मुलगी. तिला भलत्याच्या गळ्यात बांधली, तर जन्मभर स्वतःला दोष देत बसावं लागलं असतं.

अनमारने खिशातून प्रोसेसर काढला.

"हा बसवा, काका. नकाशे उघडताना लॅपटॉप फार रखडतो. विकणारा म्हणाला, दुप्पट पळेल."

"विकणाऱ्याचं काय जातंय?" गझवान म्हणाला. "हा जुन्यापेक्षा जास्त तापतो. तुझ्या लॅपटॉपमध्ये उष्णता ओढून नेणारी तांब्याची नळी एकच आहे. दोन नळ्यांची जोडणी घालावी लागेल. नाहीतर तापला की आपोआप मंद होईल, आणि उन्हाळ्यात बंदच पडेल."

"घाला मग. तुम्ही म्हणाल तसं."

घासाघीस नाही, प्रश्न नाही. हेही गझवानला आवडलं नाही.

त्याने जुनी नळी सोडवली. प्रोसेसरवरचा लेप वाळून खडूसारखा झाला होता. मग त्याने पंखा उघडला. मागच्या जाळीत राखाडी, मऊ लव गच्च बसली होती. चिमट्याने ओढल्यावर तिच्यातून बारीकसं पीस निघालं.

कबुतरं! गझवानच्या डोक्यात तिडीक गेली. कबुतरबाजाची साक्ष कोर्टसुद्धा मानत नाही, असं सगळं शहर म्हणतं. गच्चीवर शिट्ट्या मारायच्या, दुसऱ्याची कबुतरं आपल्या थव्यात ओढायची आणि वर शपथा घ्यायच्या. अशा माणसाला मुलगी कोण देतं? पण त्याने चेहरा कोरा ठेवला आणि मुद्दाम एक पळवाट उघडी टाकली.

"उशीतलं दिसतंय. लोळून काम करतोस वाटतं?"

अनमारचे कान लाल झाले.

"नाही, काका. कबुतराचं आहे. गच्चीवर पाळलीत मी. तिथेच बसून काम करतो."

"उशीचं म्हणाला असतास तरी चाललं असतं की."

"तुम्ही विचारलंत," अनमार म्हणाला.

गझवान खाली मान घालून जाळी साफ करत राहिला. त्या चौघांच्या डोक्यावरून ती कबुतरं रोज उडत असणार. एकानेही तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. त्याने नवा प्रोसेसर बसवला, ताजा लेप लावला, दोन नळ्यांची जोडणी घट्ट केली आणि यंत्र मुद्दाम जड कामाला जुंपलं. तापमान चढलं, जरा रेंगाळलं आणि थांबलं. आता हरकत नव्हती.

अनमार लॅपटॉप काखेत घेऊन दारात घुटमळला.

"काका, माझ्याबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर गल्लीत विचारा. सगळे ओळखतात मला."

"गल्लीत विचारून झालं," गझवान म्हणाला. "यापुढे तुलाच विचारीन. शुक्रवारी आईला घेऊन ये."