मी, मधली चटई

मी एक जुनी चटई आहे. पण मित्रांनो, लगेच चपला काढून माझ्यावर बसायला येऊ नका. मी बसायची चटई नाही. माझ्या नशिबी ना कधी जेवणाची पंगत आली, ना कोणाची दुपारची डुलकी. मी एका काळ्या पेटीत, मिट्ट अंधारात आडवी पडलेली असते आणि आभाळातून कोण आलं, कुठून गेलं, यावर नजर ठेवते.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. शिवणदोऱ्यासारखे बारीक, प्लॅस्टिकचे पारदर्शक तंतू एकाशेजारी एक चिकटवून मला घडवलं. या तंतूंची एक गंमत आहे. आभाळातून आपल्या सगळ्यांच्या अंगावर सतत अगदी सूक्ष्म कण बरसत असतात. त्यांना म्युऑन म्हणतात. ते छपरातून येतात, तुमच्या डोक्यातून जातात, जमिनीत शिरतात, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण तोच कण माझ्या एखाद्या तंतूतून गेला, की त्या तंतूत इवलासा उजेड चमकतो. काजवासुद्धा त्याच्यापुढे मशाल वाटेल. तो उजेड तंतूच्या टोकापर्यंत धावतो. तिथे बसवलेला एक नाजूक डोळा तो टिपतो आणि संगणकाला सांगतो, या तंतूतून पाहुणा गेला बरं का. मित्रांनो, आयुष्यभर मी एवढं एकच वाक्य बोलत आले.

तरुणपणी मी एका प्रचंड प्रयोगात होते. माझ्यासारख्या शेकडो चटया तिथे रांगेने उभ्या होत्या. देशोदेशीची माणसं आमचं कौतुक करायची. मग आमच्याहून बारीक तंतूंच्या नव्या चटया आल्या. आम्हाला काळ्या कागदात गुंडाळून खोक्यात घातलं आणि खोकं एका कोपऱ्यात सरकवून दिलं. किती वर्षं गेली कोण जाणे. अंधाराची मला सवय होती, पण त्या अंधारात माझं कोणी ऐकत नव्हतं. त्याचं फार वाईट वाटायचं.

नांदुऱ्याच्या गौसिया मॅडम तिथे शिकायला होत्या. शिक्षण संपवून गावाकडे परतताना त्यांनी आम्हा पाच जणींना मागून घेतलं. नांदुरा स्टेशनवर त्यांचे वडील वाहेदभाई टेम्पो घेऊन आले होते. कापसाचा व्यापार करणारा माणूस. खोकं उचलून त्यांनी विचारलं, "बेटी, सात समुद्रापलीकडून एवढं ओझं आणलं, अन् आत काय? चटया?"

"अब्बा, या आभाळाले पाहून राह्यतात."

"असं व्हय? मंग गाठींवर ठेव. धक्का नाही लागणार."

कापसाच्या गाठींवर बसून मी मेहकर तालुक्यातल्या एका कॉलेजात आले. इतका मऊ प्रवास मला पूर्वी कधी घडला नव्हता.

तिथे मॅडमनी काळी पेटी बनवून घेतली, आत लोखंडी चौकट बसवली आणि आम्हाला एकीखाली एक ठेवलं. तिघींचे तंतू पेटीच्या दारापासून मागच्या भिंतीकडे जाणारे, म्हणजे उभे, आणि दोघींचे त्यांना आडवे. उभ्या तिघींतली मी मधली. मग खरं किचकट काम सुरू झालं. आम्हाला एका ओळीत आणायचं काम. आधी दोरी लावून, काटकोनाला गुण्या धरून, ओळंबा सोडून झालं. माझ्या भिंतीकडच्या टोकाला एक लाकडी पाचर ठोकून मला नेमकं बसवलं. पण दोरीची नजर आमच्या कामाला पुरत नाही. शेवटचं जुळवणं आभाळातून येणाऱ्या कणांवरच करायचं असतं.

ते कसं, ते ऐका. म्युऑन सरळ रेघेत जातो. वरच्या बहिणीने एक ठिपका दिला, खालच्या बहिणीने दुसरा, की दोन्ही जोडून रेघ ओढायची आणि ती माझ्यातून कुठून जाते ते पाहायचं. मी दाखवलेला तंतू त्या रेघेवर आला, तर मी जागेवर. असे हजारो कण तपासायचे. दोन ठिपके कसेही ठेवा, त्यांची रेघ निघतेच. ती खरी की खोटी, हे तिसरा ठिपका सांगतो. आमच्या घरात तो तिसरा ठिपका मी होते. मला याचा थोडा ताठा होता, खोटं कशाला बोलू?

आमच्यावर प्रयोग करायला मॅडमनी पुष्पांजलीला निवडलं. ती जानेफळहून एसटीने यायची. कॉलेजचं तिचं शेवटचं वर्ष. डोक्यावरून सरळ किती कण येतात आणि तिरके किती, हे तिला मोजायचं होतं. तो प्रकल्प पुण्याच्या एका संस्थेत पाठवायचा, तिथे पसंत पडला तर पुढचं शिक्षण तिथेच, नाहीतर शिक्षण इथेच संपणार, हे तिच्या घरी ठरून गेलं होतं. त्यामुळे ती आमच्याकडे यायची ती परीक्षेला बसल्यासारखी.

प्रयोगशाळेत आणखी एक माणूस होता, शेषरावमामा. झाडलोट, पाणी, सामान काढणं-ठेवणं त्यांच्याकडे. नोकरी कंत्राटी, दरवर्षी नव्याने मिळणारी. मामांचं प्रत्येक वस्तूशी काही ना काही बोलणं चालायचं. तराजूला ते "सावकार" म्हणायचे आणि खोकणाऱ्या पंख्याला "बुढा". आमच्या पेटीशी मात्र जपून वागायचे, कारण तिच्यावर मॅडमच्या अक्षरात कागद होता, "हात लावू नये".

दसऱ्याच्या सुट्टीत मॅडम नांदुऱ्याला गेल्या होत्या आणि पेटीची वीज बंद होती. खंडेनवमीला मामा नेहमीप्रमाणे आले. तराजू पुसला, सूक्ष्मदर्शक पुसले, बुढ्यालाही झेंडू वाहिला. मग आमच्यापाशी थांबले. बराच वेळ थांबले. शेवटी बाजूचं दार उघडून त्यांनी मला हळूच बाहेर ओढलं, कारण बाकीच्या स्क्रूने घट्ट होत्या आणि मीच खणासारखी निघत होते. त्यांनी मला स्वच्छ उपरण्याने पुसलं. डाग पडेल म्हणून कुंकू लावलं नाही. एक फूल ठेवलं, हात जोडले, फूल उचलून घेतलं आणि मला परत आत सरकवलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत इतक्या मायेने मला कोणीच हाताळलं नव्हतं.

फक्त त्या सरकवण्यात पाचर निसटली. माझं दाराकडचं टोक जागेवर बसलं, पण भिंतीकडचं ज्वारीच्या दाण्याएवढं बाजूला गेलं.

ज्वारीचा दाणा म्हणजे काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. माझ्या जगात तो डोंगर आहे. सुट्टीनंतर पेटी सुरू झाली आणि पुष्पांजलीच्या कपाळावर आठी पडली. वरची आणि खालची बहीण रेघ द्यायच्या आणि मी भलतंच बोलायचे. हिशेबात मला थोडं डावीकडे धरलं, तर काही कण जुळायचे आणि काही आणखी लांब पळायचे. उजवीकडे धरलं, तर सगळेच लांब पळायचे.

"मॅडम, मधली काही ऐकूनच नाही राह्यली," ती म्हणायची.

"जुनी झाली बिचारी," मॅडम म्हणायच्या. "तंतू पिवळे पडले असतील. जमते का पाह्य अजून थोडं."

मॅडमनी मला स्वतःच्या हाताने बसवलं होतं, दार लावलं होतं, वर कागद चिकटवला होता. मी हलले असेन हे त्यांच्या मनातही आलं नाही. आणि मी? मी जिथे होते तिथून जे दिसलं तेच सांगत होते. पण हललेय, एवढं सांगणारा शब्द माझ्या भाषेत नाही. सगळा हिवाळा मी खोटारडी ठरले. फार रडू यायचं, मात्र तंतूंना रडताही येत नाही.

संक्रांत झाली आणि प्रकल्प पाठवायचा दिवस तोंडावर आला. नव्याने मोजायला वेळ उरला नव्हता. एका सकाळी मॅडमनी पेटीची वीज बंद केली, तिचं दार उघडलं आणि पुष्पांजलीच्या खांद्यावर हात ठेवला. "हिले काढून टाकू, पोरी. दोघींवर जे काही निघते ते पाठवू."

"दोघींवर काय निघते, मॅडम? खरं अन् खोटं एकच दिसते मंग," पुष्पांजली म्हणाली. तिला ठाऊक होतं, असला प्रकल्प पुण्यात कोणी उघडूनही पाहणार नव्हतं.

मामा दाराशी चहाचे कप घेऊन उभे होते. ते कप त्यांनी टेबलावर ठेवले, पण बशीत सांडून.

"मॅडम, तिले नका काढू."

"काऊन, मामा?"

"ती खोटं नाही बोलून राह्यली. म्या हालवली तिले." मामा जमिनीकडे पाहत बोलत होते. "खंडेनवमीले बाहेर काढली होती. पुसली, फूल ठेवलं, परत सरकवली. तुम्ही लिहून ठेवलं होतं हात लावू नका म्हणून. पण साऱ्या मशीनीले फूल भेटलं, अन् हिलेच काऊन नाही, असं वाटलं मले. मंग सांगाची हिंमत नाही झाली. या वर्षी कंत्राट..."

मग मामा पुढे झाले आणि माझ्याकडे हात नेत म्हणाले, "आत्ता सरळ करून देतो."

"हात लावू नका!"

मॅडम इतक्या जोरात ओरडल्या, की मामांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांचा चेहरा पार उतरला. नोकरी गेली, असंच त्यांना वाटलं असणार.

मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी आवाज खाली आणला. "मामा, रागानं नाही बोलली मी. तिले तिरपीच राहू द्या. सारा हिवाळा तिनं तिथूनच पाह्यलं. आता सरळ केली, तर ती केवढी तिरपी होती हे मी कोणाले विचारू?" मग त्यांनी खुर्ची ओढून मामांना बसवलं. "मले फक्त सांगा, कोन्या टोकाकून आत सरकवली?"

मामांनी रिकाम्या हातांनी सगळं करून दाखवलं. कसं धरलं, कसं ढकललं, शेवटी भिंतीकडे काहीतरी टचकन कसं वाजलं. पुष्पांजली डोळे पुसायचं विसरून पाहत होती.

"म्हणजे दाराकडचं टोक जागेवर, अन् भिंतीकडचं सरकलं!" ती संगणकाकडे धावली. कण दारापासून किती लांबून गेला, हे आडव्या तंतूंच्या बहिणींना विचारून तिने खंडेनवमीनंतरचा प्रत्येक कण वेगळा काढला. दाराजवळून गेलेले एका बाजूला, मधले मध्ये, भिंतीजवळचे शेवटी. दाराजवळ माझी चूक शून्य निघाली. जसजसं भिंतीकडे जावं, तसतशी ती वाढत गेली, अगदी सारखी, एका सरळ तिरक्या रेघेत. ती रेघ तिने हिशेबात धरली, आणि सगळ्या हिवाळ्याचे कण येऊन वरच्या-खालच्या बहिणींच्या रेघांवर बसले. पुष्पांजली खुर्चीतच हसत सुटली.

मामांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं. त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, लय चुकलं का माह्यं?"

"हाव, चुकलं," मॅडम म्हणाल्या. "पण केवढं चुकलं ते आता ठाऊक झालं, मामा. ठाऊक झालेली चूक वजा करता येते."

प्रकल्प वेळेत गेला. पुष्पांजली आता पुण्यात आहे. मामांचं कंत्राट मॅडमनी स्वतः प्राचार्यांकडे जाऊन पुढे नेलं. आणि आमच्या प्रयोगशाळेत एक नवीच गोष्ट सुरू झाली. पूर्वी मुलं फुटलेला थर्मामीटर खणाच्या तळाशी दडवायची, वाकलेली सुई गुपचूप बोटाने सरळ करायची. आता ती येऊन सांगतात, "मॅडम, माझ्याकून हे झालं." वस्तू फुटायच्या थांबल्या नाहीत, मित्रांनो, दडवायच्या थांबल्या.

माझे तंतू आता खरंच पिवळे पडत आहेत. आणखी काही वर्षांनी माझ्यातला उजेड टोकापर्यंत पोहोचणार नाही. त्याआधी तुम्हाला एक विनंती आहे. वस्तू जपा, हे तर सगळेच सांगतात. पण जपतानाही हातून काही हलेल. हललं तर सांगा. आणि कोणी तुम्हाला येऊन सांगितलं, तर आधी ओरडू नका. केवढं हललं, एवढं विचारा.

मला अजून कोणी सरळ केलेलं नाही. मी तिरकीच आहे, आणि माझं म्हणणं खरं धरलं जातं.