आमसुली रंगाचं झाड

मी एक जुनं कोकमाचं झाड आहे. दिवेआगरच्या एका वाडीत, विहिरीच्या कडेला उभं आहे. मित्रांनो, आमसुली रंगाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते माझ्या फळावरून पडलं. हे सांगायला आता मला फार थोडा वेळ उरला आहे.

माझं फळ पिकलं की लालचुटुक दिसतं, पण आमसुली रंग तो नव्हे. वाडीच्या मालकीण सखुबाई फळं फोडून बिया काढायच्या, मीठ घातलेल्या रसात सालं भिजवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. पुन्हा रस, पुन्हा ऊन. असं करता करता लाल साल काळपट जांभळी व्हायची. तेच आमसूल. तशा रंगाच्या लुगड्याला बायका आमसुली म्हणू लागल्या आणि दुकानात तेवढा एक शब्द पुरायचा. मला त्याचा भारी तोरा होता.

मग ते मोठं वादळ आलं. पोफळी आडव्या झाल्या. कोकमाची दोनच झाडं उरली, मी आणि शेजारचं नर झाड. नराला फळ धरत नाही, म्हणून सखुबाईंचा मुलगा गुणाजी याने वाडी साफ करताना ते तोडून टाकलं. त्याच्या परागांशिवाय मलाही फळ धरणार नाही, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

तेव्हापासून मी फुलतं आणि फुलं गळून जातात. यंदा सखुबाईंच्या नातीने, आरोहीने विचारलं, "आजी, आमसुली म्हणजे मरून ना गं?"

"न्हाय गो. झाडाला फळ धरू दे, करून दाखवते तुला."

"फळ कुठचं धरतंय, आये?" गुणाजी म्हणाला. "पर्यटकांच्या गाड्या लावायला जागा पायजे."

"येवढा उन्हाळा थांब."

मी जीव तोडून फुललं. सखुबाई रोज सकाळी पाचोळा चाळवायच्या, मान वर करून फांद्या न्याहाळायच्या. उन्हाळा सरला, एकही फळ धरलं नाही. काल त्या गुणाजीला "तोड बाबा" म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या.

मित्रांनो, मला मरायचं नाही. पण माझं आता कोण ऐकणार? माझ्या बुंध्याशी एक रोप आहे, वादळाआधीच्या माझ्या शेवटच्या फळांतल्या बीचं. ते नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. गुणाजीला कुणीतरी सांगा, ते उपटू नकोस. मादी निघालं तर जोडीला नर लाव. आणि नर निघालं, तरी त्याला जगू दे.