मी लेबनॉनहून आलेली कॅसेट

मी कॅसेट बोलतेय. लेबनॉनमधल्या एका दुकानातून साकिउसाने मला घेतलं. फिजीहून शांतिसेनेत आलेला जवान. लिहायचा त्याला भारी कंटाळा. ओवालाऊ बेटावरच्या कितिओनेशी, आपल्या दोस्ताशी, तो माझ्यामार्फत बोलायचा.

"अरे लेका, इथं समुद्र दिसतो, पण उतरायला मनाई! दिवसभर नाक्यावर उभं राहायचं, लोकांच्या डिकीत डोकवायचं. जेवायला डब्यातलं मांस. तो पाववाला हानी गरम रोट्या देऊन जातो, म्हणून जगलोय."

रजेवर निघालेल्या कुणाच्या तरी पिशवीतून मी गावी पोचायची. यांगोनाचं, मुळ्या कुटून केलेल्या पेयाचं, भांडं मध्ये ठेवून सगळे ऐकायचे, खिदळायचे. साकिउसाची आई अगदी पुढे बसे.

एका खेपेला त्याचा आवाज जड होता. "कितिओने, हे सगळ्यांसमोर लावू नकोस."

कितिओने बटणाकडे धावला. "राहू दे," आई म्हणाली.

"हानीची गाडी नाक्यावर थांबली नाही रे. उतार होता, ब्रेक लागले नसतील. मी गोळी झाडली. हानी जागीच गेला. गाडीत नुसत्या रोट्या होत्या. साहेब म्हणतात, नियमाने वागलास."

कुणी भांड्याला हात लावला नाही.

"काकू, त्याचा काय दोष?" कितिओने पुटपुटला.

"ते मी विचारलं का?" तिने माझी बाजू उलटायला लावली, मुलाचं बोलणं पुसू दिलं नाही, आणि दुसऱ्या बाजूवर स्वतः बोलली: "साकिउसा, हानीच्या घरी कोण कोण आहे? तू गेलास का?"

भिंतीवरचा देवमाशाचा दात काढून तिने माझ्यासोबत पाठवला. इथल्या बेटांवर माफी मागताना असा दात दोन्ही हातांत धरतात, मान खाली घालून; समोरच्याने तो घेतला की माफी मिळाली.

साकिउसाने मला एकट्याने ऐकलं. बरेच दिवस तो कुठंच गेला नाही. मग आईच्या बोलण्यापुढेच त्याने भरलं:

"आई, गेलो. हानीच्या बायकोपुढे दात धरून बसलो. तिला काही कळेना. ओरडली, रडली, पण दात घेतला नाही. हात भरून आले तरी धरून होतो. शेवटी हानीची म्हातारी आई आली आणि तिने माझे हात हळूच खाली केले. ही माफी झाली का गं?"

आई त्याला काय म्हणाली, मला ठाऊक नाही; ते माझ्यावर भरलेलं नाही.

आता आई नाही. साकिउसा गावातच असतो, कितिओनेबरोबर मासे धरतो, त्या दिवसांबद्दल चकार शब्द काढत नाही. खाऱ्या हवेने माझी फीत चिकटत चालली आहे. कितिओनेच्या पोरांना माझ्यावर गाणी भरायची आहेत.

नका रे भरू. या बेटावर हानीचं नाव घेणारं आता माझ्याशिवाय कुणी नाही.